टिल्डाची बोलायची डिग्री

टिल्डा हावेलका बोलण्याची डिग्री घेऊन डोब्रीला परत आली, तेव्हा सगळ्या गावाला एकच कोडं पडलं. ही पोरगी पाळण्यात असल्यापासून बोलतेय, मग कॉलेजात जाऊन शिकली तरी काय?

त्यात डोब्री म्हणजे अख्ख्या नेब्रास्कातलं सगळ्यात अबोल गाव. तिथली माणसं शब्द असे जपून काढतात, जसं काही प्रत्येक शब्दावर जकात बसते. व्हिक शिमेकच्या गोठ्याला आग लागली ना, तेव्हा तो गाडी काढून बंबवाल्यांकडे गेला. टोपी नीट केली, कॉफी घेतली, आणि कुणी विचारेल म्हणून बसून राहिला. शेवटी एकानं विचारलं, "काय व्हिक, कसं काय?" तर म्हणाला, "तसं काही विशेष नाही." तो गोठा बिचारा वाट बघून बघून कंटाळला आणि आपला आपणच विझला. खोटं वाटत असेल तर अजून उभा आहे तो, एका बाजूनं काळा.

अशा गावात टिल्डाचे वडील, लिओ हावेलका, गुरं वाहायचा ट्रक चालवायचे. पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला.

"म्हणजे नक्की कशाची डिग्री म्हणायची ही?"

"भाषण आणि संवाद, डॅडी."

"बरं. आणि शेवटच्या वर्षी काय होतं?"

"ऐकणं."

लिओंनी काटा खाली ठेवला. "ऐकणं म्हणजे?"

"ऐकणं म्हणजे ऐकणं. वर्षभराचा विषय होता. मी पहिली आले त्यात."

"ऐकायचे पैसे भरले मी?" लिओ म्हणाले. "अगं, लग्न झाल्यापासून तुझ्या आईचं ऐकतोय. मला कुणी साधं सर्टिफिकेट दिलं नाही."

"तू ऐकतोस कुठे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तू नुसता गप्प बसतोस. त्यात फरक असतो."

त्यावर लिओ गप्प बसले. हे ऐकणं होतं की गप्प बसणं, ते काही कळलं नाही.

नोकऱ्या टिल्डानं केल्या नाहीत असं नाही हं. आधी ती काउंटीच्या रेडिओवर लागली. मयताच्या बातम्या वाचायची. पण वाचायची इतक्या मायेनं, की दोन म्हातारे हातात टोप्या घेऊन स्टेशनवर आले, की बाई हीच वाचणार असेल तर आमचं नाव आधीच लावून ठेवता येईल का. उकाड्याचा अंदाज वाचला की ऐकणाऱ्यांच्या घरात टेबलावरचं लोणी वितळायचं. चाललं होतं झकास. मग मालकानं स्टेशन विकलं आणि नव्या मालकानं बोलायला मशीन बसवलं.

मग ती शाळेत मुलांना वादविवाद शिकवायला गेली. तिथे तर हाहाकार. मुलं अशी तयार झाली, की गावात एकाही आईबापाला पोराला वेळेवर झोपायला पाठवता येईना. मुद्देसूद उत्तर यायचं. एका पोरीनं दातांच्या डॉक्टरला असं काही पटवलं, की ती उठून घरी गेली आणि खुर्चीत डॉक्टर बसला. पालकांनी सह्यांचा अर्ज दिला आणि टिल्डा पुन्हा घरी.

गुरांच्या लिलावघराला लागून एक छोटंसं उपाहारगृह आहे, ते चालवायची टिल्डाची आत्या, आर्डिस. डोब्रीत बोलणारं माणूस मोजून एकच होतं, ते म्हणजे ही आर्डिस आत्या. सगळ्यांच्या वाटचं तीच बोलून घ्यायची. टिल्डा तिच्या हाताखाली कोलाचे भरायची. कोलाचे म्हणजे मधे खसखस नाहीतर जर्दाळू घातलेले गोड पाव. लिलावाच्या दिवशी ते परातीनं संपायचे. गल्ल्याशी बसलेली मंडळी तिला रोज नवी नोकरी सुचवायची.

"चर्चमधे बिंगोचे आकडे पुकार," एक म्हणाला.

"लिफ्टमधे बोलणारी बाई असते ना, ती हो," दुसरा.

"आपल्याकडे लिफ्ट कुठाय रे?" आर्डिस आत्या म्हणाली. "सगळ्यात उंच वस्तू म्हणजे धान्याची कोठी, आणि तिच्यात तुझा भाऊ अडकला होता तेव्हा त्याला वर काढायला बोलणं नाही, दोर लागला."

टिल्डा हसायची, पण मनातून ती खचत चालली होती. ओमाहातल्या एका विमा कंपनीतून नोकरी चालून आली होती. दिवसभर फोनवर चिडलेल्या लोकांच्या तक्रारी घ्यायच्या. सोमवारपासून हजर व्हायचं. तिला जायचं नव्हतं. तिला डोब्रीतच राहायचं होतं, या मुक्या माणसांत, जिथे आभाळ चारी बाजूंनी जमिनीपर्यंत येतं. पण डोब्रीत बोलायच्या डिग्रीला काम कोण देणार?

आणि नेमका तेव्हाच बड सेडलाचेकचा आवाज गेला.

बड लिलावघरात बोली पुकारायचा. उंच चौथऱ्यावर बसून, हातात हातोडी, तोंडाशी माईक. त्यानं जन्मभर इतकी गुरं विकली, की एके दिवशी सकाळी उठला आणि बायकोला हाक मारायला गेला तर नुसतं गवतातून वारा गेल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, घसा ठीक आहे, आवाज संपला. पिंपात जेवढा होता तेवढा काढून झाला.

लिलावघराची मालकीण मिसेस काडलेक. दातात सदा काडी, आणि बोलणं त्या काडीच्या एका बाजूनं जेवढं बाहेर पडेल तेवढंच. तिनं उपाहारगृहाच्या दारावर येऊन सांगितलं, "गुरुवारी परीक्षा. कॅन्ससहून एक येतोय. अजून कुणाला यायचं असेल तर यावं. जेवणाआधी एक, जेवणानंतर एक. मी बघीन."

टिल्डानं हात पुसले. "मी येते, मिसेस काडलेक."

काडी दातात या टोकाची त्या टोकाला गेली. "तू जेवणानंतर," ती म्हणाली आणि निघून गेली.

घरी लिओंनी डोक्याला हात लावला. "अगं, त्या चौथऱ्यावर आजवर बाई चढली नाही."

"मी चढते ना शिडीवर. चौथरा काही वेगळा नसतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर सोमवारी ओमाहा," टिल्डा म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा आवाज एवढासा झाला.

दुसऱ्या दिवशी लिओ गुरं आणायला निघाले तेव्हा ट्रकचं दुसरं दार उघडून ठेवलं. टिल्डा बसली आणि वाटभर तिनं कुंपणाचे खांब विकले. खांब आला की बोली, खांब गेला की हातोडी. "एक आहे एक आहे, दोन देता का, दोन देता का, दोन आले, तीन कुठायत, तीन तीन तीन, गेला." परतताना बघतात तर एका शेतातल्या गायी कुंपणाशी ओळीनं उभ्या. एकीनं तर मान हलवून स्वतःचाच भाव वाढवून घेतला. लिओ म्हणाले, "ती हावरटच आहे. शिमेकची आहे ना."

आता एमिल पोस्पिशिलबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्या मानेवर आहे.

एमिल एकटा राहणारा म्हातारा पशुपालक. कैक वर्षांपूर्वी त्याच्या मानेला काहीतरी झालं आणि ती हलायला लागली. होय होय होय, अशी सारखी वरखाली. झोपेतसुद्धा हलते म्हणतात. त्याच्या उशीला मधे खळगा नाही, चर पडलाय. गावात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तो मानी माणूस, आणि डोब्री ही मान राखणारी वस्ती. तर टिल्डा शाळेत असताना आत्याकडे वाढप करायची, कॉफी आणि पाय. पाय म्हणजे आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. एमिलला विचारलं, "पाय घेणार का?" तर मान होय होय. "कॉफी?" होय होय. "पाय नको का?" तरी होय होय. पहिल्यांदा तिनं त्याच्यापुढे तीन पाय आणून ठेवल्या आणि त्या सज्जन माणसानं तिन्ही खाल्ल्या. मग टिल्डा नीट बघायला लागली. तिच्या लक्षात आलं, की एखादी गोष्ट त्याला खरंच हवी असली की मान थांबते. सफरचंदाची पाय, मान हलतेय. भोपळ्याची, हलतेय. आंबट चेरीची म्हटलं की घड्याळाचा लंबक धरून ठेवावा तशी मान गच्च थांबते. बडला हे ठाऊक होतं. लिलावात सगळ्यांची बोली हात वर करून, बोट उडवून. एमिलची बोली मान थांबवून.

कॉलेजात ऐकण्याच्या विषयाला प्रोफेसर लिंडक्विस्ट होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तोंड न उघडता माणूस कसं बोलतो, कुणी सांगेल?" टिल्डानं पोस्पिशिलची मान सांगितली. बाई म्हणाल्या, "तू अर्धा विषय घरूनच घेऊन आलीस."

गुरुवार उजाडला. लिलावघर गच्च भरलं. पायऱ्यापायऱ्यांची बाकं, खाली गोल रिंगण, भुसा अंथरलेला, आणि सगळ्या डोक्यांवर टोप्या. कॅन्ससचा गडी, ट्रेंट लॉरिमर, रुबाबदार. पट्ट्याचं बक्कल एवढं मोठं, की त्यात बघून मागच्या रांगेतल्या दोघांनी मिशा नीट केल्या. आणि बोलायला काय वेगवान. मी म्हणते, त्यानं पुकारायला सुरुवात केली तसा चौथऱ्याजवळचा भुसा उडायला लागला. वासरं भराभर आत आली, भराभर गेली. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. डोब्रीत त्याला टाळ्या म्हणतात.

टिल्डा उपाहारगृहाच्या दारातून बघत होती. एवढा वेग तिच्या जिभेला सात जन्मांत जमला नसता.

मग रिंगणात एक खेचर आलं. म्हातारं, एका डोळ्यानं आंधळं. कुणी हूं की चूं नाही. लॉरिमरनं नजर फिरवली आणि पहिल्या रांगेत त्याला एक म्हातारा दिसला. मान होय होय होय.

"सुटलं, त्या आजोबांना!" हातोडी पडली.

लिलावघरात एकदम शांतता झाली. म्हणजे आधी होती त्याहून जास्त.

आता डोब्रीचा रिवाज असा, की हातोडी पडली की पडली. ज्याच्याकडे बोट दाखवलं त्यानं जनावर घ्यायचं. हुज्जत घालायची नाही. एमिल पोस्पिशिलनं आयुष्यात हुज्जत घातली नव्हती. तो समोर बघत राहिला आणि मान हलत राहिली. आणि लॉरिमरला सांगणार कोण? सांगायचं म्हणजे शंभर लोकांसमोर त्या मानेचं नाव काढायचं. ते कुणी काढलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

झालं. लॉरिमरला वाटलं, हे गिऱ्हाईक हाती लागलं. दोन बोकड आले, सुटले, आजोबांना. पेटीभर हंस आले, सुटले, आजोबांना. मग एक तट्टू आलं, ते फक्त मागे मागेच चालायचं; आत आलं ते शेपटी पुढे करून. तेही आजोबांना. एमिल भिडेपोटी घेत गेला.

"अगं, थांबव ना त्याला," आर्डिस आत्या कुजबुजली.

"काय सांगून थांबवू? माईकवर सांगू, की मिस्टर पोस्पिशिलच्या मानेला—"

"नको," आत्या म्हणाली. आणि बघा, आत्यासुद्धा गप्प झाली.

टिल्डा एमिलकडे बघत होती. त्याचे हात टोपीच्या कडेपर्यंत जात होते आणि परत मांडीवर येत होते. आज तो कशाला आला होता ते सगळ्यांना माहीत होतं. दुष्काळाच्या साली त्याला आपला कळप विकावा लागला होता. त्या कळपातल्या बोझेना नावाच्या गाईचा नातू, एक लाल वळू, आज दुपारी रिंगणात यायचा होता. त्यासाठी म्हाताऱ्यानं गाठीला बांधून ठेवलेलं सगळं आता बोकड आणि हंसांत गेलं होतं.

जेवणाची सुट्टी झाली. लॉरिमर गल्ल्याशी आला, तीन कोलाचे उचलले, आणि खुशीत म्हणाला, "छान गाव आहे तुमचं. तो पहिल्या रांगेतला म्हातारा म्हणजे हिराच. असं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नाही."

सगळे शांतपणे सूप पीत होते. लिओंनी चमचा जरा जोरात ठेवला, एवढंच.

"तुझी बारी ना आता?" लॉरिमर टिल्डाला म्हणाला. तसा मनानं वाईट नव्हता. "कुठल्या लिलावशाळेत शिकलीस?"

"लिलावशाळेत नाही. कॉलेजात. भाषण आणि संवाद."

"अरे वा. मग घाबरू नको. जिभेला श्वास घेऊ देऊ नको, बस. थांबलीस की मेलीस."

टिल्डा चौथरा चढली. माईक खाली केला. बाकांवरून शंभर टोप्या तिच्याकडे बघत होत्या, मिसेस काडलेकच्या दातात काडी ताठ उभी, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बड सेडलाचेक. पहिल्या रांगेत एमिल, मान होय होय.

टिल्डाला आठवलं. जेवणानंतर बड कधीच लगेच बोली सुरू करायचा नाही. आधी विचारायचा, "टोप्या बघू." ही डोब्रीची चाल. सकाळी घेतलेलं जनावर ज्याला परत रिंगणात आणायचंय त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. चाल होती खरी, पण फार क्वचित कुणी टोपी काढायचं. टोपी काढायची म्हणजे सगळ्यांसमोर म्हणायचं, मी चुकलो.

"टोप्या बघू," टिल्डा माईकवर म्हणाली.

एमिलचा हात टोपीकडे गेला. कडेला टेकला. आणि थबकला. मान हलत होती, कान लाल झाले होते. शंभर माणसांत एकट्यानं टोपी काढायची, तीही स्वतः न केलेल्या चुकीपायी.

दुसरी कुणी असती तर घाईनं पुढे गेली असती. लॉरिमर खालून हातानं खुणावत होता, चल चल, बोल. टिल्डा बोलली नाही. माईकसमोर हात टेकून नुसती थांबली. हे थांबणं काय लांबलं म्हणता, रिंगणातला भुसा खाली बसला, माश्यांनी भिंतीवर बसून घेतलं, बाहेर वाऱ्यानंसुद्धा दार जरा हळू लोटलं. ती एमिलकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघितलं असतं तर सगळ्यांनी बघितलं असतं. ती बघत होती मागच्या रांगेकडे, आपल्या बापाकडे.

लिओ हावेलकांनी सकाळपासून एक कोंबडीसुद्धा घेतली नव्हती. त्यांनी पोरीकडे बघितलं. पोरगी काही म्हणत नव्हती. आणि लिओंना, जन्मात पहिल्यांदा, ती काय म्हणत नव्हती ते सगळं ऐकू आलं.

लिओंनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

शेजारी बसलेल्या व्हिक शिमेकनं त्यांच्याकडे बघितलं. गोठ्याला आग लागली तेव्हा जेवढा वेळ लावला होता, त्याच्या मानानं हा विजेसारखा हलला. त्यानंही टोपी काढली. मग त्याच्या पुढचा. मग बाजूची आख्खी रांग. टोप्या अशा उतरत गेल्या, जशी कणसं वाऱ्यानं एका बाजूला कलतात. डोब्रीत एवढी टकलं एकदम कुणी बघितली नव्हती. छताच्या दिव्यांचा उजेड त्यांच्यावरून असा परतला, की रिंगणात दुसरं ऊन पडलं आणि पेटीतले हंस सकाळ झाली समजून ओरडायला लागले.

त्या शंभर टोप्यांत एमिल पोस्पिशिलची टोपी कधी निघाली ते कुणाला दिसलंही नाही. टिल्डाला तेवढी दिसली.

"आभारी आहे," टिल्डा म्हणाली. "टोप्यांतली जनावरं आधी घेऊ. कुणाची आहेत ते मला माहीत नाही. खेचर आणा."

आणि मग तिनं तोंड उघडलं. वेग लॉरिमरच्या निम्मा. पण ती हवेत पुकारत नव्हती, एकेका माणसाशी बोलत होती. गल्ल्याशी उभी राहून तिनं या लोकांचं इतक्या दिवसांचं पुटपुटणं ऐकलं होतं, ते आता कामाला आलं.

"मिस्टर हाइनी, तुमची खेचरं शेजाऱ्याच्या मक्यात शिरतात म्हणून तुमचं भांडण चाललंय. हे बघा. याला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. शेजाऱ्याचं शेत तुमच्या उजव्या हाताला. याला ते शेत आहे हेच ठाऊक नसणार."

बाकांवर कुणीतरी खुसखुसलं. हाइनीचं बोट उडालं. शेजाऱ्यानंही उडवलं; त्याला वाटलं, हे आपण घेऊन त्यालाच भेट द्यावं. दोघांत बोली रंगली.

बोकड गेले काटेरी गवतानं हैराण झालेल्या मिसेस रूझेककडे. "हे गवत खातील, कुंपण खातील, आणि तुमच्या जावयाची ती मोटरसायकल अंगणात पडून आहे ना, तीही आठवड्यात दिसणार नाही." हंसांवर तर रिंगणभर बोली लागली, कारण टिल्डानं सांगितलं, की विमा विकायला येणारा माणूस यांना मैलावरून ओळखू येतो.

आणि तट्टू.

"हे मागे चालतं," टिल्डा म्हणाली. "लपवत नाही. पण व्हिक, तुम्ही दर रविवारी सासुरवाडीला जाता आणि जाताना तुमचा चेहरा कसा असतो ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. याच्यावर बसा. तोंड सासुरवाडीकडे करा. आणि म्हणा, चल."

डोब्रीचे लोक हसले. नुसते खुसखुसले नाहीत, हसले. वर्षानुवर्षांचं साठलेलं बाहेर आलं. छपराचे दोन पत्रे ढिले झाले ते त्या दिवशी. व्हिक शिमेक उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी घेतो, आणि कुणी माझ्यावर बोली चढवायची नाही." एवढं लांब वाक्य त्याच्या आईनंसुद्धा ऐकलं नव्हतं.

एकेक जनावर सकाळच्यापेक्षा चढ्या भावानं गेलं. एमिलचं सगळं परत आलं, वर थोडं जास्तच.

मग दार उघडलं आणि लाल वळू आत आला. रुंद छाती, अंगावर ऊन घेऊन फिरल्यासारखा रंग. बाहेरगावचे दोन व्यापारी पुढे सरकले. बोली चढत गेली. एमिलची मान होय होय होय.

टिल्डानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, अजून नाही. एक व्यापारी गळाला. दुसऱ्यानं बोट उडवलं. टिल्डानं तो आकडा म्हटला आणि पुढचा मागितला, आणि पुन्हा थांबली. लॉरिमरनं कपाळाला हात लावला.

त्या शांततेत एमिल पोस्पिशिलची मान हळू झाली. आणखी हळू. आणि थांबली.

"पहिली रांग," टिल्डा म्हणाली.

व्यापाऱ्यानं चढवलं. मान अजून थांबलेली. "पहिली रांग." व्यापाऱ्यानं पुन्हा चढवलं. मान दगडासारखी. "पहिली रांग." व्यापाऱ्यानं वळून त्या म्हाताऱ्याकडे बघितलं, त्याचे डोळे वळूवर लागलेले बघितले, आणि हात खिशात घातले.

"एकवार. दोनवार. तीनवार. सुटला, मिस्टर पोस्पिशिलना."

हातोडी पडली आणि त्या हातोडीबरोबर मान पुन्हा सुरू झाली. होय होय होय.

आणि डोब्रीनं टाळ्या वाजवल्या. हातांनी. आवाज करून. कोपऱ्यात बड सेडलाचेक तोंड उघडून काहीतरी ओरडत होता. आवाज काही आला नाही, पण टिल्डाला ऐकू गेलं.

लिलाव उरकल्यावर लॉरिमर उपाहारगृहात येऊन बसला. पांढरा पडला होता. तो मूर्ख नव्हता. वळूच्या वेळी त्यानं ती मान थांबताना बघितली होती, आणि सकाळचं सगळं त्याच्या डोक्यात एकेक करून उलटं फिरत होतं. तो उठला, एमिलच्या टेबलाशी गेला, स्वतःची टोपी काढली आणि काही न बोलता उभा राहिला. एमिलनं पायानं समोरची खुर्ची सरकवून दिली. झाली माफी.

"हे कुठे शिकवतात?" लॉरिमरनं टिल्डाला विचारलं. "हे थांबणं."

टिल्डा उत्तर देणार तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

"ऐकणं म्हणतात त्याला," लिओ हावेलका म्हणाले. खुर्ची मागे करून, पाय पसरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कॉलेजात वर्षभराचा विषय असतो. पैसे पडतात, पण घ्यावा. पहिली आली आमची."

"तुम्हाला ठाऊक होतं म्हणजे, हा विषय एवढा कामाचा आहे?" लॉरिमर म्हणाला.

"तर. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो."

मदतीला आलेली लिओंची बायको कॉफी ओतत होती. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. लिओंनी ते ऐकलं आणि घाईनं कप तोंडाला लावला.

मिसेस काडलेक आत आली. तिनं दातातली काडी काढली. ही काडी शेवटची निघाली होती ती तिच्या लग्नात, हो म्हणायला. "गुरुवारी लवकर ये," ती टिल्डाला म्हणाली. "माईक तुझ्या उंचीचा करून ठेवते." आणि काडी परत जागेवर.

ओमाहाला फोन करायचं काम आर्डिस आत्यानं स्वतःकडे घेतलं. नोकरी नको, एवढंच सांगायचं होतं. पण तक्रारी ऐकणारी कंपनी म्हटल्यावर तिनं आधी जन्मभराच्या तक्रारी सांगून घेतल्या. पलीकडच्या मुलीनं शेवटी विचारलं म्हणे, की डोब्रीत अजून एखादी जागा आहे का.

टिल्डानं एप्रन बांधला आणि एमिलच्या टेबलाशी गेली. बाहेर ट्रेलरमधे लाल वळू खूर आपटत होता. म्हाताऱ्याची मान होय होय करत होती आणि डोळे ओले होते.

"मिस्टर पोस्पिशिल, पाय आणू का? सफरचंदाची आहे." मान हलतेय. "भोपळ्याची?" हलतेय. "आंबट चेरीची आज नाहीये." हलतेय.

टिल्डा जरा थांबली.

"मग दर गुरुवारी चौथऱ्यावर मी असले तर चालेल?"

मान गच्च थांबली, आणि त्या दिवशी ती इतका वेळ थांबून राहिली, की आर्डिस आत्यानं तेवढ्यात चेरी आणून, बिया काढून, पाय भाजून, गरम गरम त्याच्यापुढे ठेवली.